आबांचा पंचा

आमच्या शेजारचे धोंडूआबा रोज सकाळी विहिरीवर पंचा भिजवायचे, पिळून कुंपणावर पसरायचे आणि त्याच्यासमोर दगडावर पान चघळत बसायचे. पान संपायच्या आत पंचा वाळला, की साऱ्या वाडीला ऐकू जाईल असे ओरडायचे, "वारा तहानलाय हो! आज कुणी काडी ओढायची नाही!"

ही तीस सालच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीजवळच्या त्या वाडीत मी नवी सून. मराठी चौथी पास, म्हणजे माझ्या मते जगातलं सगळं शिकून झालेली. मी विचारलं, "आबा, वाऱ्याला तहान लागते, तर भूकही लागत असेल?"

"लागते तर गो! समुद्रावरनं येतो तो पिऊन आलेला. घाटाकडनं उतरतो तो कोरडा. आधी वर सड्यावरच्या, कातळमाळावरच्या गवतातला ओलावा पितो, मग ठिणगी दिसली की जेवायलाच बसतो."

मी पदराआड फिदीफिदी हसले. इतकं नेमकं मला पुढे कुणीच समजावलं नाही, हे कळायला केस पिकावे लागले.

त्या फाल्गुनात भाजावळ अडली. भाताच्या रोपांसाठी वाळक्या पानांचा पातेरा आणि शेण पसरून जमीन भाजायची. ते उरकलं की मला माहेरी, भाट्याला धाडायचं ठरलेलं. पण पाच दिवस पंचा झटक्यात वाळत होता आणि मामंजी म्हणत होते, "आबा हो म्हणेपर्यंत नाही." माझं माहेर एका पंच्याला टांगलेलं!

सहाव्या दिवशी मी अक्कल चालवली. घरात नवं मीठ टोपलीत निथळत होतं. त्याखाली साचलेलं पाणी काही केल्या सुकत नाही. आबा चुना आणायला आत गेले, तेवढ्यात मी पंचा त्यात बुचकळला, पिळला, होता तसा पसरला.

आबांची दोन पानं संपली. पंचा ओलाच. त्यांनी वारा हुंगला. "नाक नाही म्हणतंय. पण पंचा हो म्हणतोय. भाजा."

तासाभरात आग बांध ओलांडून सड्यावर चढली. सगळी वाडी हिरव्या फांद्यांचे टाळे घेऊन तिला झोडपत होती. आमची आंब्याची कलमं वाचली. आबांची गवताची उडवी गेली. त्यांच्या घराचं येत्या पावसाळ्याचं छप्पर त्यात होतं.

"आबा, पंचा म्हातारा झाला तुमचा!" कुणीतरी टोमणा मारला.

आबांनी पंच्याने तोंड पुसलं आणि थबकले. ओठ चाटले. माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी डोळ्यांनीच गप्प केलं.

"माझाच अंदाज चुकला," ते सगळ्यांना म्हणाले. मग मामंजींकडे वळून, "भाजावळ झाली ना? मग पोरीला धाडा माहेरी."

माहेराहून मी आठव्या दिवशीच परतले. आबांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. कुंपणाशी त्यांचा तो एकच दगड असायचा. आता शेजारी दुसरा होता.

"सूनबाई, ये. माझी नजर अधू झाली. आजपासून पंचा तू भिजवायचा." आणि मग हळूच, "गोड्या पाण्यात हो."