उलिसेस मेला तर

"उद्या हा मेला तर?" अध्यक्ष बेर्तोरेलोंनी विचारलं. हा म्हणजे उलिसेस गायतान. तो समोरच उभा होता आणि अध्यक्षांच्याच 'माते'च्या, म्हणजे तिकडच्या कडू चहाच्या, भांड्यात गरम पाणी ओतत होता.

सांता रेमिहियाच्या सहकारी संस्थेत मरणाचा विषय निघाला की कुणी दचकत नाही. संस्था गावाला वीज देते, फोन देते, इंटरनेट देते आणि शेवटी शवपेटीही देते. या सगळ्याचा कारभार उलिसेसने दोन वर्षं खपून सहा जुन्या मशिनींवर चढवला होता. ओपन सोर्स, म्हणजे कुणाच्या बापाच्या मालकीचं नसलेलं सॉफ्टवेअर घेऊन त्याने संस्थेचा खाजगी क्लाउड बांधला होता. दुसऱ्याचा ढग भाड्याने नको, आपला ढग आपल्याच छपराखाली. तो चालतही होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. चालणाऱ्या गोष्टीवर संचालक मंडळाला बैठका घेता येत नाहीत.

मग राजधानीहून लिसांद्रो नावाचा टायवाला तयार पॅकेज घेऊन आला. उलिसेसने भर बैठकीत विचारलं की खोक्यात वेगळं काय आहे. लिसांद्रो चुकून खरं बोलला. "आत तेच आहे. पण आमचा माणूस मेला तर आमच्याकडे दुसरा आहे."

अध्यक्षांनी 'दुसरा' हा शब्द वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. उलिसेस काय ते समजला. पॅकेज आलं की सहा मशिनी भंगारात जाणार आणि तो पुन्हा पायी दारोदार विजेचे मीटर वाचत फिरणार.

प्रश्न मरणाचा होता, तेव्हा तो तज्ज्ञाकडे गेला. अंत्यविधी विभागाच्या प्रमुख सुलेमा पायरेत्ती, अनुभव बावीस वर्षं. त्यांनी उलिसेसला समोर बसवलं.

"सिगारेट?"

"सोडली."

"कधी?"

"आज सकाळी." मग त्याने वाकून त्यांचा कागद पाहिला. "बाई, माझी उंची कशाला लिहिताय?"

"सवय रे. लक्ष देऊ नकोस."

बाईंनी अहवाल दिला. मोटरसायकल चालवतो, हेल्मेट आरशाला अडकवतो. गुरुवारी फुटबॉल खेळतो, तोही जेवण झाल्यावर. रविवारी सासूकडे निखाऱ्यावरचं मांस, वर रक्ताचं सॉसेज. निष्कर्ष: कधीही.

मंडळाने ठराव केला की निर्णय तीन महिन्यांनी घ्यावा आणि तोवर उलिसेसला जिवंत ठेवावे. फुटबॉल बंद. मोटरसायकल संस्थेच्या गोदामात कुलूपबंद. त्याला घरून आणायला-न्यायला संस्थेची गाडी. आता संस्थेच्या गाड्या तीन. एक बंद होती, एक अध्यक्षांच्या जावयाकडे होती. उरली शववाहिका. ती सुलेमाबाई चालवायच्या, आणि बावीस वर्षांत त्यांनी वीसच्या वर काटा नेला नव्हता.

"बाई, जरा दाबा की. मागे कोणी नाहीये."

"पायाला आता तेवढंच कळतं," बाई म्हणायच्या.

पहिल्या आठवड्यात शववाहिका दिसली की लोकांनी आदराने टोप्या काढल्या. तिसऱ्या आठवड्यात मात्र, एका सोमवारी, उलिसेस उशिरा उठला आणि शववाहिका त्याच्या दारात अर्धा तास उभी राहिली. नऊ वाजेपर्यंत तो गेल्याची बातमी गावभर झाली. सासूकडे लोक सांत्वनाला गेले. तिने, असं म्हणतात, ते स्वीकारलं आणि कॉफीही ठेवली.

गाव हळहळलं. मग गावाच्या डोक्यात खरी काळजी शिरली: तो गेला, आता आपलं चालू राहील का? हे बघायला सात हजार सभासदांनी एकाच वेळी आपापलं खातं उघडलं. सहा म्हाताऱ्या मशिनींनी अकरा मिनिटं तग धरला आणि अंग टाकलं.

शववाहिकेत उलिसेसचा फोन वाजला: सगळं बंद पडलंय. त्याने बाईंना जोरात घ्यायला सांगितलं. बाईंनी आरशात पाहिलं. मागे दिवे लावून तीसेक गाड्या अंत्ययात्रेला लागल्या होत्या.

"आता नाही जमायचं. मागे माणसं आहेत."

"अहो, पण मी जिवंत आहे."

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

शेवटी तो दार उघडून खाली उतरला आणि पळू लागला. मेलेला माणूस पळताना पाहून कोण सोडतो? लोकांनी त्याला धरलं, मिठ्या मारल्या, रडले. एकाने आणलेलं पुष्पचक्र दुकानदार परत घेईल का, हेही त्यालाच विचारलं. तो कचेरीत पोहोचला तेव्हा चार तास उलटले होते. मशिनी त्याने बारा मिनिटांत उभ्या केल्या. ती बारा मिनिटं कुणी लिहून ठेवली नाहीत. इतिवृत्तात लागलं ते असं: 'उलिसेस गायतान मेल्यास यंत्रणा बंद पडते, हे प्रत्यक्ष सिद्ध झाले.'

"पण मी मेलो नव्हतो," उलिसेस म्हणाला.

"नुसत्या अफवेने ही दशा," अध्यक्ष म्हणाले. "खराच गेलास तर?"

तीन महिने कसले, शुक्रवारीच मतदान ठेवलं. लिसांद्रो करार घेऊन हजर. हात वर जाणार एवढ्यात सुलेमाबाई उभ्या राहिल्या. शवपेट्यांच्या कड्या आणायला त्या बुधवारी राजधानीत गेल्या होत्या. पोराला तपासलं तर कंपनीच्या माणसांनाही तपासायला हवं, म्हणून लिसांद्रोच्या कंपनीत डोकावून आल्या. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पहिला तज्ज्ञ, वय त्रेसष्ट, हृदयाच्या दोन शस्त्रक्रिया, राहतो पाचव्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

"त्याला धरून चालू नका," बाई म्हणाल्या.

"आणि दुसरा?"

"दुसरा नाहीच. करारात नाव आहे, माणूस नाही. खुर्चीवर कोट टाकलाय, तोही पहिल्याचाच."

लिसांद्रो टायची गाठ चाचपू लागला. उलिसेस कित्येक दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला. अध्यक्षांनी बाईंचा कागद मागून घेतला आणि पुन्हा वाचला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"म्हणजे हा दुसरा मरायची भीती नाही."

"जो नाही तो मरणार कसा?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या अनुभवाने सांगा. धोका किती?"

सुलेमाबाईंनी आयुष्यात खोटा अहवाल दिला नव्हता. त्या उलिसेसकडे न बघता म्हणाल्या, "तसं विचाराल तर, शून्य."

अध्यक्षांनी सहीसाठी पेन मागितलं. कुणाकडेच नव्हतं. उलिसेसच्या खिशात होतं. त्याने टोपण काढून दिलं.