गफूरभाईंचं हमीपत्र

अकोल्यात मे महिन्यात काळा कोट घालणारी माणसं दोनच प्रकारची. एक वकील आणि दुसरे गफूरभाई. वकिलांना कोर्टाची सक्ती असते. गफूरभाईंना कुणाचीच सक्ती नव्हती, तरी बारा महिने तेरा काळ तो कोट त्यांच्या अंगावर असे. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं, कुत्री गटारात बसायची, आणि गफूरभाई गळ्यापर्यंत गुंड्या लावून कापूसबाजाराकडे निघालेले असायचे.

बाजारात ते ग्रेडर होते. म्हणजे गाडीतल्या कापसाची प्रत ठरवायची. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा, आणि हाती उरलेले तंतू डाव्या बाहीवर ठेवून लांबी वाचायची. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, म्हणून कोट. डाव्या बाहीला मनगटापासून कोपरापर्यंत काळ्या मखमलीची पट्टी शिवलेली होती, कारण मखमलीवर धागा सरकत नाही. मी एकदा म्हटलं, "गफूरभाई, काळं फडकं ठेवा ना खिशात. कोट कायले?"

"फडकं इसरते मानूस," ते म्हणाले. "बाही इसरता येत नाई."

माझं टेबल कोर्टासमोरच्या लिंबाखाली. टेबल, टाइपरायटर आणि मी. ताजनापेठेत आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे दुपारी बाजार उठला की गफूरभाई माझ्याकडे येऊन बसत. तो कोट पाहून खेड्यातली माणसं त्यांनाच वकील समजत. "साहेब, माह्यावर भावानं दावा लावला," म्हणत पायाशी बसत. गफूरभाई सगळं ऐकून घेत आणि एकच सल्ला देत, "भाऊच हाये ना? मंग घरी जाय अन् जेव त्याच्यासंगं." तीन-चार जण खरोखरच घरी जाऊन जेवले. तेव्हापासून खरे वकील गफूरभाईंकडे जरा वाकड्या नजरेनं पाहत.

जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी लांब धाग्याची किंवा आखूड धाग्याची होती. तांदूळ, मिश्या, पुढाऱ्यांची भाषणं. माझी ग्रेड त्यांनी पहिल्याच महिन्यात लावली होती. "टाइपबाबू, तू मध्यम धाग्याचा. पन कचरा नाई." मी ही स्तुती समजून घरी सांगितली. आमची मंडळी म्हणाली, "बरोबर ओळखलं." ती नक्की कशाला बरोबर म्हणाली, ते मी विचारलं नाही.

आणि एकदा लावलेली ग्रेड ते मरेपर्यंत बदलत नसत. "लिवलं का संपलं," हे त्यांचं पालुपद. एका व्यापाऱ्यानं त्यांच्या घरी आंब्यांची करंडी पाठवली होती, कशासाठी ते उघडच होतं. गफूरभाईंनी एक आंबा उचलून वास घेतला, पुन्हा ठेवला, आणि चिठ्ठी खोचून करंडी परत पाठवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "आंबा पहिल्या प्रतीचा. कापूस तिसऱ्याच प्रतीचा."

असा हा माणूस एक दिवस माझ्या टेबलाशी आला आणि खिशातून चार घड्या घातलेला इंग्रजी फॉर्म काढून म्हणाला, "भर."

परदेशी व्यक्तीला पाहुणी म्हणून बोलवायचा तो फॉर्म होता. मी कागदात कार्बन घातला. नाव? सकीनाबी. राहणार? कराची. तुमचं नातं?

"बायको."

"राष्ट्रीयत्व?"

गफूरभाई लिंबाकडे पाहू लागले.

सकीनाभाभी बाळापूरच्या. गफूरभाईही बाळापूरचे. दोघांच्या घरांत एका गल्लीचं अंतर. फाळणीनंतर भाभींचे भाऊ आईला घेऊन कराचीला गेले. पुढं आई अंथरुणाला खिळली, तसं तीन महिन्यांचं परमिट काढून भाभी तिला पाहायला गेल्या. आईचं दुखणं लांबलं. आई वारली तोवर परमिट संपलं होतं आणि नियमही बदलले होते. परतीची खटपट म्हणून भावानं घाईघाईनं तिथला पासपोर्ट काढून दिला, आणि त्या एका कागदानं बाळापूरची सकीना परदेशी झाली. तेव्हा मी नुकता ताजनापेठेत राहायला आलो होतो. त्या फॉर्मच्या दिवशी या गोष्टीला आठ वर्षं होऊन गेली होती. पोरबाळ नव्हतं. मेव्हण्यानं पत्र लिहिलं होतं की इकडंच या, सिंधचा कापूस लांब धाग्याचा असतो. गफूरभाईंचं त्यावर उत्तर असं की, "मी गेलो तं घरात दोघंही परदेशी. आता एकच हाये. नुकसान कमी हाये."

फॉर्म भरता भरता आमची बरीच भांडणं झाली.

"कोणाकडे उतरणार?" मी विचारलं.

"आपल्या घरी कोनी उतरते का बे? घरी मानूस येते."

"येण्याचा उद्देश?"

"तिच्या घरी याले तिले उद्देश लागते?"

मी आपलं "पतीची भेट" असं टाइप केलं. मुक्काम एक महिना. मग आलं हमीपत्र. मी वाचून दाखवलं. मी अमुक अमुक, सदर पाहुणीच्या राहण्याजेवणाची जबाबदारी घेतो. गफूरभाईंनी मान हलवली. तिची पोलिस ठाण्यावर हजेरी लावीन. पुन्हा मान हलली. आणि मुदत संपताच ती परत जाईल याची मी स्वतः हमी देतो.

"म्हंजे? मीच तिले घराबाहेर काढू?"

"गफूरभाई, ही नुसती पद्धत असते. सगळे सही करतात."

"सगळे करत असतीन. मी खोटी ग्रेड देत नाई. आली का मी तिले पाठवनार नाई, हे मले माहीत हाये. मंग लिवू कसं?" त्यांनी माझीच लेखणी घेऊन ती ओळ खोडली आणि खाली सही ठोकली.

शपथेवर सही करायला अमरावतीला एका साहेबांपुढे जावं लागे. मीही सोबत गेलो. कचेरीत शिरताच कोट पाहून शिपायानं खुर्ची पुढं केली. "बसा वकीलसाहेब." गफूरभाईंनी सांगून टाकलं, "मी वकील नाई." खुर्ची परत गेली. त्यांचा खरेपणा मला आधीच ठाऊक होता, पण त्याची किंमत माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी दोन तास मोजली. साहेबांनी कागद पाहिला, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सभ्यपणे म्हणाले, की ही ओळ नसेल तर अर्ज पुढं जाणार नाही. गफूरभाईंनीही तितक्याच सभ्यपणे कागद उचलून खिशात घातला.

पुढची दोन वर्षं आमच्यात तो विषय निघाला नाही. कराचीचं पत्र महिन्याकाठी येई. पत्र उर्दूत, म्हणजे मला वाचता येण्यातलं नव्हतं, आणि ते कुणाला वाचून दाखवत नसत. पण एका दुपारी त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि आपण होऊन सांगू लागले.

"लिवते का, केस पांढरे झाले. मेंदी लावतो म्हंते. नाईतं तुमी पाह्यसान अन् वळखनार नाई, म्हंते." त्यांनी पत्राची घडी घातली. "टाइपबाबू, तिचे केस काळे होते रे. या कोटासारखे."

मग म्हणाले, "थो कागद नव्यानं कर. ती ओळ ठेव. सगळी ठेव."

"गफूरभाई, लिवलं का संपलं बरं."

"माहीत हाये मले," ते खेकसले.

या खेपेला अमरावतीत खुर्ची मिळाली नाही, पण शिक्का मिळाला. आणि पुढच्या उन्हाळ्यात व्हिसा आला. मुक्काम एक महिना, अकोला सोडून कुठं जायचं नाही, आठवड्याला ठाण्यावर हजेरी. बाळापूर सोळा मैलांवर, पण तेही नाही.

तयारीत गफूरभाईंनी सगळ्या पेठेला वेठीस धरलं. भाभींसाठी नवी गादी भरायची होती. चार पिंजाऱ्यांचा कापूस त्यांनी अंगठ्यांत ओढून नापास केला. पाचवा कळवळून म्हणाला, "चाचा, गादीत भराचा हाये. सूत थोडंच काढाचं हाये?" शेवटी बाजारातला हंगामाचा सगळ्यात लांब धाग्याचा कापूस त्यांनी गादीत भरला. ज्याची मलमल व्हायची, त्यावर निजायचं होतं.

सकीनाभाभी कराचीहून बोटीनं मुंबईला आणि तिथून गाडीनं अकोल्याला आल्या. ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. केस मेंदीनं लालभडक. अकरा वर्षांनी नवरा समोर उभा, आणि फलाटावर पहिलं वाक्य काय, तर "या उन्हात हा कोट? मराचं हाये का तुमाले?"

दुसऱ्या दिवशी कापूसबाजारानं गफूरभाईंना पांढऱ्या सदऱ्यात पाहिलं. दोन आडत्यांनी त्यांना ओळखलंच नाही. तो अख्खा महिना कोट खुंटीवर राहिला. भाभींनी कराचीहून आणलेली नवी मखमल त्याच्या बाहीला शिवायला घेतली होती, आणि रोज चार टाके घालायच्या. बाकीचा वेळ त्या नवऱ्याशी भांडत. भिंतीपलीकडून ती भांडणं ऐकताना मला फार बरं वाटे. मिठावरून, खिडकीवरून, तिकडच्या भावावरून. साठलेली सगळी भांडणं त्यांनी त्या महिन्यात उरकायला घेतली होती.

शेवटचा आठवडा लागला तशी पेठ बेचैन झाली. ठाण्यावरचा जमादार आपण होऊन म्हणाला, "चाचा, डॉक्टरचं सर्टिफिकेट आना. पंधरा दिस वाढतीन. मंग पाहू." आमच्या मंडळीनं माझ्यामागं लकडा लावला. शेवटी मी न विचारताच अर्ज टाइप केला, की पाहुणी आजारी असून प्रवास करण्याजोगी नाही. डॉक्टरही ठरवला आणि कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो.

गफूरभाईंनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. भाभी आंबे पिळत होत्या.

"आजारी कोन हाये?" गफूरभाईंनी विचारलं.

"कोणी नाही. पण गफूरभाई, एक सही..."

"सही करून झाली माही. अमरावतीले."

मला त्या दिवशी त्यांचा राग आला, स्पष्ट सांगतो. मी ओरडलोच. म्हटलं, ही काय कापसाची गाडी आहे? बायको आहे ना तुमची? तुमच्या ग्रेडीपायी तिला बोटीवर बसवता? गफूरभाई खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांचे अंगठे एकमेकांवर घासत होते, हातात कापूस नसतानाही.

उत्तर भाभींनी दिलं. हात पुसत म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. यायनं खोटी ग्रेड देल्ली, तं अकरा वर्सं मी कोनाची वाट पाह्यली?"

मी कागद घेऊन घरी आलो. आमची मंडळी त्या रात्री जेवली नाही.

गफूरभाई भाभींना पोचवायला मुंबईपर्यंत गेले. बोटीत बसवून, पासपोर्टावर शिक्का पडलेला डोळ्यांनी पाहून तिसऱ्या दिवशी परतले. स्टेशनावरून घरी न जाता थेट माझ्या टेबलाशी आले. अंगात कोट, सगळ्या गुंड्या लावलेल्या. त्यांनी डावा हात माझ्यापुढे टेबलावर पसरला.

"पाह्य."

नव्या मखमलीत एक लांब केस अडकला होता. लाल. त्यांनी तो दोन बोटांनी अलगद सोडवला, दोन्ही अंगठ्यांत धरून सरळ केला आणि पुन्हा बाहीवर ठेवला, बाजारात ठेवत तसा. मग मुळाकडच्या टोकाशी नख लावलं. तेवढं टोक पांढरं होतं.

"आली तवा मुळापासून लाल होती," ते म्हणाले. "इथं मेंदी लावली नाई. म्हने, तुमी वळखलं ना, आता कायले लावू." ते डोळा बाहीजवळ नेऊन पाहत राहिले. "हे पांढरं आपल्या घरी वाढलेलं हाये. अर्धा इंच."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आखूड धागा, गफूरभाई."

"आखूड हाये," ते म्हणाले. "पन कचरा नाई."

त्यांनी केस रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला. मी डोळे पुसले, उन्हाचं निमित्त करायची गरज नव्हती. समोर उभा असलेला एक पक्षकार "वकीलसाहेब" म्हणत पुढं सरकला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं.

"कागद लाव," ते मला म्हणाले. "बोललेलं पाळलं हाये आपन. आता कोनी नाई म्हनू शकत नाई."

मी कागदात कार्बन घातला आणि वर अर्जाचा मायना टाइप करू लागलो.

"अर्ज मागून," गफूरभाई म्हणाले. "पयले हमी."

आणि एकदा खोडलेली ती शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली, कुठंही न अडखळता.