नानांच्या पाठीखालची रजई

"थंडी वरून येत नाही, खालून येते," हे वाक्य देवव्रतने त्या हिवाळ्यात इतक्या जणांना ऐकवलं होतं, की रसायनीच्या कारखान्यात त्याच्या खात्यातली माणसं तो डबा घेऊन येताना दिसला की भराभर जेवण उरकायची. दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधायची आणि कडाक्याच्या थंडीत उघड्यावर झोपायचं, हे त्याचं नवं वेड होतं. त्यासाठी त्याने झोळ्या घेतल्या, वर ताणायची ताडपत्री घेतली आणि झोळीच्या खालून बांधायची एक खास रजई घेतली. झोळीत झोपलं की पाठीखालचं पांघरूण दबून जातं, दबलेलं पांघरूण ऊब धरत नाही, म्हणून रजई खालून लोंबती हवी. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात तो झोळीत झोपला होता तो फक्त मोहोपाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत, दुपारी, जेवण झाल्यावर.

पहिल्याच मोहिमेला त्याने सासऱ्यांना बोलावलं. नाना, म्हणजे गोपाळकृष्ण, कर्जतला एकटे राहायचे. जावयाने आपणहून बोलावलं याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की त्यांनी नवी कानटोपी घेतली.

"त्यांची छाती नाजूक आहे," त्याची बायको आसावरी म्हणाली. "त्यांना गारठा लागला तर मी तुला घरात घेणार नाही."

"खालची रजई नानांनाच," देवव्रत म्हणाला. "दुसरी मागवलीय, ती अजून आली नाही. मला काय, मी असाच झोपेन. मला सवय आहे."

जागा ठरली पळसदरीच्या पुढे, मोतीबाईंच्या आमराईत. मोतीबाईंचं घर आमराईला लागूनच होतं आणि शनिवार-रविवारी त्यातल्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या. देवव्रत झाडाला पट्टे बांधत होता तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ही पोराची झोळी हाय का?"

"मोठ्या माणसांची आहे."

"आन् खोली?"

"खोली आसावरीला. आम्ही दोघं इथेच."

"बरं," मोतीबाई म्हणाल्या. "आमी दार लोटून ठेवू, कडी नाय घालणार." देवव्रतला ते लागलं. मग त्याने नानांच्या झोळीला रजई जरा जास्तच आवाज करत बांधली. पाऊस आलाच तर पाणी दोरीवरून ओघळत झोळीत येतं, ते मध्येच खाली गळून जावं म्हणून दोरीला सुतळीचा तुकडा बांधायचा असतो, हेही त्याने नानांना समजावलं आणि त्यांच्या दोरीला सुतळी बांधून दाखवली. स्वतःच्या दोरीला नंतर बांधू म्हणाला आणि विसरला. मोबाईलवर तर आकाश निरभ्र दाखवत होतं.

पहाटेच्या सुमारास त्याला कळलं, की आपण महिनाभर जे सांगत होतो ते अगदी खरं आहे. थंडी खालूनच येते. पाठ बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी झाली होती. त्याने स्वेटर पाठीखाली घेतला, तर छाती गारठली. पुन्हा छातीवर घेतला, तर पाठ बोंबलू लागली. कुशीवर वळला, तर झोळी डोलली आणि खालून वाऱ्याला आणखी वाव मिळाला. दात असे वाजत होते, की नाना जागे होतील अशी त्याला भीती वाटली.

नाना मात्र शेजारच्या झोळीत संथपणे घोरत होते. त्या घोरण्यात इतकी ऊब होती, की देवव्रतला त्याचा राग आला.

घर जवळ होतं. दार लोटलेलं होतं. पण मोतीबाई आणि आसावरी या दोघींच्या समोर तोंड दाखवण्यापेक्षा मरण बरं, असं त्याला वाटलं, आणि मग त्याच्या मनात तो विचार आला. नाना एवढे गाढ झोपलेत. आता उजाडेलच. त्यांनी तर कानटोपी, मफलर, दोन स्वेटर घातलेत. घटकाभरासाठीच.

तो खाली उतरला, रांगत सासऱ्यांच्या झोळीखाली गेला आणि रजईचे आकडे काढू लागला. घोरणं मध्येच थांबलं. देवव्रतने श्वास रोखला. पुन्हा घोरणं सुरू झालं, आधीपेक्षा थोडं मोठ्याने. त्याने रजई ओढून घेतली, स्वतःच्या झोळीखाली अंदाजाने अडकवली आणि वर चढून अंगाचं मुटकुळं केलं. पाठीत ऊब चढू लागली आणि त्याला झोप लागली.

मग अवकाळी पाऊस आला. ताडपत्रीने आपलं काम केलं. पण झाडाच्या बुंध्यावरून उतरलेलं पाणी पट्ट्यावर आलं, पट्ट्यावरून दोरीवर, आणि सुतळी नसल्यामुळे थेट झोळीत. झोळीतून ते झिरपून खालच्या रजईत साचलं. देवव्रत जागा झाला तेव्हा तो थंड पाण्याने भरलेल्या टोपात बसल्यासारखा होता. तो दचकून उठायला गेला, झोळी उलटली, आणि एक पाय दोरीत, डोकं ओल्या रजईत अशा अवस्थेत तो ओरडला.

उजाडत होतं. आसावरी छत्री घेऊन धावत आली, मागून मोतीबाई. दोघींनी मिळून त्याला सोडवलं. रजई चिखलात पडली. आसावरीने तिच्याकडे पाहिलं, मग नानांच्या झोळीखाली पाहिलं. तिथे काही नव्हतं. नाना झोळीत उठून बसले होते आणि खोकत होते.

"ही नानांची रजई तुझ्याकडे कशी आली?"

एवढ्या थंडीतही देवव्रतचे कान तापले. "नानांनीच दिली," तो म्हणाला.

आसावरीने वडिलांकडे पाहिलं. नानांनी जावयाकडे पाहिलं. ते पाहणं फार वेळ चाललं.

"हो," नाना म्हणाले. "मला उकडत होतं."

त्यानंतर आसावरी जी सुरू झाली ती थांबेना. या वयात हट्ट. स्वतःच्या छातीची काळजी नाही. जावयाचे फाजील लाड. मोतीबाईंच्या चुलीपाशी गोधडी पांघरून बसलेले नाना खाली मान घालून ऐकत होते आणि खोकत होते. देवव्रत शेजारी मोतीबाईंच्या मुलाचा शर्ट घालून बसला होता. आसावरी चहाला कप आणायला आत गेली तेव्हा नाना त्याच्याकडे झुकले.

"तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून घोरत राहिलो," ते हळूच म्हणाले. "पण आकडे काढायला तुम्ही फार वेळ लावलात, देवव्रतराव. घसा दुखायला लागला."

देवव्रतला वाटलं, चुलीत हात घालावा.

परतताना त्यांनी शिळफाट्याला नानांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरही नानांनाच रागावले. गाडी पुन्हा निघाली तेव्हा आसावरीने भावाला, वरदला, फोन लावला. "अरे, स्वतःच्या अंगाखालची रजई काढून दिली याला. हा बिचारा नको म्हणत असेल, पण नाना ऐकतील तर ना."

'बिचारा' हा शब्द देवव्रतला सहन झाला नाही. त्याने गाडी कडेला घेतली. "त्यांनी नाही दिली," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "मी चोरली. ते झोपलेत असं समजून, खालून रांगत जाऊन चोरली. आणि वर खोटं बोललो."

आसावरी त्याच्याकडे बघत राहिली. मागच्या सीटवर नाना खोकला दाबत होते. मग तिच्या मांडीवरच्या, स्पीकरवर चालूच असलेल्या फोनमधून वरदचा आवाज आला.

"भाऊजी, शेवटचं परत सांगता का? आमच्याकडे माझे सासू-सासरे आलेत नाश्त्याला. त्यांना नीट ऐकू नाही आलं."

देवव्रतने आरशात नानांकडे पाहिलं.

"सांगा," नाना म्हणाले. "ते जरा कमी ऐकतात. मोठ्याने सांगा."