कांद्याच्या मुळांची हजामत

मुळं जरा सारखी करावीत, एवढंच माझ्या मनात आलं होतं.

माझी बायको मिर्ता आमच्या प्तुय गावातल्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिची नोकरी कायम व्हायची होती आणि त्यासाठी तपासनीस झालोकारबाई तिचा तास बघायला येणार होत्या. विषय पेशीविभाजन. म्हणून आमच्या खिडकीत पाण्याच्या ग्लासांवर कांदे बसवले होते आणि त्यांना खाली पांढरी मुळं फुटली होती. एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. मी पडलो भूमापन कार्यालयातला कारकून. (वाकडी रेघ दिसली की मला जेवण जात नाही.) मिर्ता बाजारात गेल्याचं बघून मी नखं कापायची कात्री काढली आणि कांद्यांची झकास हजामत केली. पडद्यामागचा एक तेवढा सुटला. तो मला दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रे उचलायला हमाल म्हणून मीही शाळेत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. मुलांनी मुळांची टोकं कापली, रंगवली, काचेखाली दाबली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.

"मॅडम, माझ्याकडे कुणीच विभागत नाहीये," रोझा नावाची मुलगी म्हणाली.

मिर्ताने स्वतः पाहिलं. मग एक कांदा उचलला. मग माझ्याकडे पाहिलं.

"व्लादो, मुळांना काय केलंस?"

"काही नाही. सारखी केली."

"कुठून?"

"खालून. वरून कशी करणार?"

"अरे, विभाजन टोकाशीच होतं! तीच उडवलीस?"

"केराच्या डब्यात असतील अजून," मी म्हणालो. (मदतीचा स्वभाव, काय करणार!)

वर्ग खिदळला. झालोकारबाई हसल्या नाहीत. मिर्ताची नोकरी मी नेलकात्रीने कापली होती!

पण मिर्ताने खडू उचलला आणि फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं.

"पेशी जन्मली की आधी वाढते. मग आतल्या गुणसूत्रांची एकेक नक्कल करते. मग सगळं नीट झालंय ना, ते तपासते. या तयारीतच तिचा बहुतेक वेळ जातो." वर्तुळाचा एक चिमूटभर तुकडा तिने रंगवला. "आणि विभाजन एवढंसं. त्यातून दोन पेशी होतात आणि वाढण्यापासून पुन्हा सुरुवात. तुमच्यासमोरच्या पेशी मात्र या फेऱ्यातून बाहेर पडून स्थिरावल्यात. आता हा कांदा बघा."

तो पडद्यामागचा होता. रोझाने त्याच्या मुळाचं टोक कापून, रंगवून काचेखाली दाबलं.

"दिसली! गुणसूत्रं दोन्हीकडे ओढली जातायत!" रोझा ओरडली. "पण अशा थोड्याच आहेत. बाकीच्या तयारीतच."

झालोकारबाईंनीही डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. "छान. सगळे नुसतं विभाजन दाखवतात, आधीचं कुणी सांगत नाही. आणि दोन्ही प्रकारचे कांदे शेजारी ठेवायची कल्पना तर फारच सुंदर! तुमची नोकरी कायम समजा."

मी बाकावर ताठ बसलो. कल्पना कुणाची होती, हे कुणीतरी विचारेल म्हणून वाट पाहिली. कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात रोझाचा हात वर. "मॅडम, ज्या पेशी विभागत नाहीत, नुसत्या जागेवर बसून असतात, त्यांचा काय उपयोग?"

मिर्ताने माझ्या बाकाकडे प्रेमाने पाहिलं. "असतो गं. आधाराला लागतात."

सगळा वर्ग हसला. झालोकारबाईसुद्धा हसल्या. मीही मनसोक्त हसलो.

का हसले, ते मला घरी जाताना द्रावा नदीच्या पुलावर कळलं.