चाळीस वर्षं चहा प्यायलेला मॉनिटर

"पिवळा पडलाय," कवळीवाले म्हणाले आणि खिशातून दातांची पट्टी काढून त्यांनी मॉनिटरच्या काचेला लावली. "हे बघ. ए-थ्री! ए-थ्री म्हणजे चाळीस वर्षं चहा पिणाऱ्या माणसाचा दात."

"मग चूळ भरायला लावा त्याला," बायको म्हणाली.

कवळीवाल्यांचा धंदाच दात बनवण्याचा. डॉक्टर साचे पाठवतात, हे आपल्या कार्यशाळेत दात घडवतात. नव्या दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवायला त्यांच्याकडे सोळा नमुना-दातांची पट्टी असते. सोळाच्या सोळा पांढरे. तुम्हाआम्हाला सगळे सारखे दिसतात, त्यांना दिसत नाहीत, आणि इथेच सगळा घोटाळा झाला. तीस वर्षं हेच केल्यावर माणूस भिंत, दूध, शर्ट, काहीही बघताना आधी त्याचा नंबर लावतो.

आता मॉनिटर पिवळा पडला तर पडला, कुणाचं काय अडतंय? पण अडत होतं. लेक शिकायला दूर गेली होती आणि दर रविवारी दुपारी चार वाजता बापलेक कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचे. हिचा ट्रक पुढे, ह्यांचा मागे, कानाला हेडफोन. फोनवर ही पोरगी "जेवले, बरी आहे, ठेवू?" एवढ्यात आटपायची. पण हातात स्टीअरिंग आलं की हॉस्टेलच्या भांडणापासून कमी पडलेल्या मार्कांपर्यंत सगळं बाहेर यायचं. कवळीवाले आठवडाभर त्या तासाची वाट बघायचे. असल्या तासाला पिवळा मॉनिटर कसा चालेल?

सोमवारी जुना मॉनिटर दुकानात देऊन टाकला. नवा मात्र आणला नाही, कारण आधी अभ्यास करायचा होता.

अभ्यासात कळलं की मॉनिटरच्या पॅनलच्या तीन जाती असतात. आयपीएसचे रंग खरे, कुठूनही बघा, बदलत नाहीत. पण काळा जरा राखाडी. व्हीएचा काळा अस्सल काळा, पण अंधारात काही पळालं की त्याच्यामागे धूसर शेपूट. टीएन चपळ आणि स्वस्त, पण जरा बाजूला सरकलात की रंग उडालेच.

"टीएनचं नावसुद्धा काढू नकोस," त्यांनी बायकोला बजावलं.

"मी कशाला काढू? मला जेवायला याल का, एवढंच विचारायचं होतं."

अभ्यासातच रविवार उजाडला. चारला लेकीचा फोन आला. "बाबा, ट्रक?"

"पुढच्या रविवारी. पॅनल ठरत नाहीये."

"बरं. जेवले. ठेवू?"

कवळीवाल्यांनी फोन ठेवला. मग ताडकन उठून दुकानात गेले.

"काका, खेळता किती?" दुकानदाराने विचारलं.

"आठवड्यातून एक तास."

"काय खेळता?"

"ट्रक चालवतो."

"ट्रकमध्ये भरलंय काय?"

"लाकडं."

"अहो काका, लाकडंच वाहायचीत ना, मग कुठलाही न्या!"

कवळीवाल्यांनी तिथेच पट्टी काढली, आयपीएसला लावली. शुभ्र. ए-वन! खूश होऊन घरी आणला, जोडला, पट्टी लावली. ए-थ्री.

"फसवलं! दाखवला एक, दिला दुसरा!"

"पडद्यांमुळे दिसत असेल," बायको सहज बोलून गेली आणि जन्मभर पस्तावली. पडदे पिवळे होते. पाच मिनिटांत ते खाली आले. तरी ए-थ्री. मग दिवा बदलला. मग मागची भिंत झाकायला कपाटातली नवी पांढरी चादर खिळे ठोकून ताणली. तरी ए-थ्री.

"माझी चादर!" बायको ओरडली. "पाहुण्यांसाठी ठेवली होती मी!"

आयपीएस परत गेला, व्हीए आला. दुकानात पांढरा, घरात पिवळा. तो परत देऊन दुसऱ्या कंपनीचा आयपीएस आणला. तोही पिवळा. तोवर दुसरा रविवार आला. खोलीला पडदे नव्हते, भिंतीला चादर होती आणि कवळीवाले स्टुलावर उभे राहून वरून कोन बघत होते. फोन बायकोने उचलला.

"बाबा काय करतायत?"

"चढलेत," बायको म्हणाली.

"आजपण नाही का?" लेक हळूच म्हणाली आणि तिनेच फोन ठेवला.

आता मात्र बायकोचा पारा चढला. "ती पोरगी तिकडे ताटकळतेय आणि तुम्ही इकडे काचेचे दात बघताय! पुढच्या रविवारी चारला ट्रक हलला नाही, तर सगळं सामान मी भंगारात घालीन. तुमच्या पट्टीसकट!"

पुढच्या रविवारी सकाळीच कवळीवाले तिसरा मॉनिटर बगलेत मारून दुकानात हजर. त्यांना बघून दुकानदाराने शटरकडे हात नेला, पण उशीर झाला होता.

"परत? काका, आता माझ्याकडे जातीच उरल्या नाहीत!"

कवळीवाल्यांचं लक्षच नव्हतं. ते गल्ल्याशेजारच्या मॉनिटरकडे बघत होते. पट्टी काढली, लावली. मागे सरून पुन्हा लावली.

"बी-वन," ते पुटपुटले. "पट्टीतला सगळ्यात पांढरा, लाखात एक दात! दोन आठवडे मला कचरा दाखवलात आणि हा स्वतःसाठी ठेवलात? हाच द्या. कुठला पॅनल आहे हा?"

"टीएन."

"शक्य नाही."

"टीएनच आहे काका. आणि तुमचाच आहे. तुम्ही दिलात तो. पुसला, पाय बदलला आणि इथे लावला."

कवळीवाल्यांनी पट्टी खिशात घातली. ते आपलाच मॉनिटर छातीशी धरून घरी आले. जोडला. पिवळा! ए-थ्री! आता दोष द्यायला दुकानदारही उरला नव्हता. ते खुर्चीत मटकन बसले. चार वाजले.

बायकोने फोन लावून सरळ टेबलावर ठेवला. "बाई गं, तूच विचार ह्यांना. जगातला प्रत्येक मॉनिटर ह्यांच्या घरी आला की पिवळा होतो."

"पिवळा?" लेक म्हणाली. "अहो बाबा, ते मी केलंय! जाताना कॉम्प्युटरमध्ये सेटिंग करून ठेवलं. दिवसभर ते बारीक दात बघून तुमचे डोळे लाल होतात ना, म्हणून. पिवळ्या उजेडाने बरं वाटतं म्हणतात. सांगायचं राहिलंच."

बायको चादरीच्या खिळ्यांकडे बघत होती. लेकीने कुठे दाबायचं ते सांगितलं, कवळीवाल्यांनी दाबलं आणि मॉनिटर लखलखला. बी-वन. त्यांनी क्षणभर तो डोळे भरून पाहिला. मग पुन्हा तिथेच दाबलं. काच पिवळी झाली.

"अहो!" बायको किंचाळली. "ह्याच्यासाठी माझी चादर फाडलीत?"

"बरं वाटतंय डोळ्यांना," कवळीवाले म्हणाले. हेडफोन चढवला. लाकडांनी भरलेला ट्रक सुरू झाला.

"बाबा, नवा मॉनिटर कसा आहे मग?"

"उत्तम. फार अभ्यास करून आणलाय. बरं, ते राहू दे. तीन आठवड्यांत काय काय झालं ते सांग."