दोनदा नाही

यंत्र जितके दुरून हाकता येते, तितके त्याच्याजवळ कोणीतरी बसलेले असावे लागते, हे प्रशासनाचे आद्य तत्त्व आहे. इस्फहानमधल्या एका गझ मिठाईच्या कारखान्याने हे तत्त्व कसे पाळले, त्याची ही हकिगत.

कारखान्याचे सगळे सर्व्हर कामयार सांभाळायचा. एखादा बंद पडला की हातातला घास टाकून त्याला पळावे लागे. शिराझच्या मेहराफ्रूझला मागणी घालायला तो दोनदा निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेवरून परतला. आता पुन्हा असे झाले तर बाबा ऐकायचे नाहीत, असे तिने बजावले होते. म्हणून त्याने कुठूनही सर्व्हर चालवता येतील अशी प्रणाली मागितली. ती कशी चालवावी हे ठरवायला समिती बसली.

प्रणाली कामयारच्या लॅपटॉपवर ठेवावी, हा पर्याय नामंजूर झाला (त्याची खुर्ची रिकामी दिसेल). प्रत्येक सर्व्हरवर वेगळी ठेवावी, हाही नामंजूर (इतके पासवर्ड चिकटवायला भिंत नाही). उरला तिसरा. कार्यालयात एक संगणक दारवान म्हणून बसवावा, बाहेरून येणाऱ्याने त्याच्यातूनच आत यावे, आणि समोर बसलेल्या जबाबदार माणसाने 'हो' दाबावे. हा एकमताने मंजूर झाला, कारण यात एक जबाबदार माणूस नेमता येत होता.

नेमणूक झाली ती आगा तवांगर यांची. त्यांच्या अदबीचे दाखले अख्खा मोहल्ला देई. दोनदा 'नको' म्हटल्याशिवाय त्यांनी कधी साधा चहासुद्धा घेतला नव्हता.

नवरोजच्या ऐन गर्दीत कामयार आईवडिलांसह मेहराफ्रूझच्या घरी पोचला. ती चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिकडे मालाची पाठवणी बघणारा सर्व्हर बंद पडला. कामयारने फोनवरून परवानगी मागितली. नकार. पुन्हा मागितली. पुन्हा नकार. त्याने व्हरांड्यात जाऊन आगांना फोन लावला.

"आगा, 'हो' दाबा ना."

"कामयार जान, मी कोण तुला परवानगी देणारा? घर तुझंच आहे."

"मग 'नाही' का दाबलंत?"

"विचारल्याबरोबर हो म्हणायला मी काय हपापलोय? दोनदा नाही म्हटलं. आता तिसऱ्यांदा विचारू दे, हो म्हणतो."

यंत्र परदेशी होते, त्याला कोणी वळण लावलेले नव्हते. दोन नकारांनंतर त्याने दार लावून घेतले. आता ते कामयारने स्वतः समोर बसून पासवर्ड दिला तरच उघडणार होते.

कामयार पडेल चेहऱ्याने आत आला. मेहराफ्रूझचे बाबा हसून म्हणाले, "काम असेल तर खुशाल निघा. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही."

यावर 'छे छे, काम कसलं' असे निदान दोनदा म्हणायचे असते, हे तिथे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. मेहराफ्रूझने डोळ्यांनी 'बस' म्हणून खुणावलेही. पण 'नाही' म्हणजे नाहीच समजणाऱ्या यंत्राशी झगडून कामयारची मती गुंग झाली होती. "फार उपकार झाले," म्हणून तो खरोखरच निघाला.

सर्व्हर सुरू झाला, सोयरीक मोडली. समितीने प्रणाली यशस्वी ठरवली (कामयार आता कायम जागेवर सापडतो). कधीकधी त्याला मेहराफ्रूझच्या आठवणीने रडू येते, पण पंख्यांच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नाही.

तर वाचकहो, ही गोष्ट आवडली नसेल तर खुशाल सांगा. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही.