साहेबांच्या कपाटाची पाठ

"माझ्या हातच्या कामात काही उलटंसुलटं सापडलं, तर मिशी उतरवीन!" लालबागचे बुधाजी मेस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला हे ऐकवत. वरळीला इन्स्पेक्टर प्रधानांकडे सागवानी कपाट पोचवून आले, त्या दिवशी तर त्यांनी मिशीला दोनदा पीळ दिला!

चार दिवसांनी शेजारच्या खोलीतला गिरणी कामगार लवू दुकानात घुसला.

"मेस्त्रीनूं, हंय भिंतीक टेकून ठेवलेली माझी पाटी खंय गेली? आज मोर्चो आसा!"

"कसली पाटी रे?"

"'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'! तांबड्या रंगान लिवलेली!"

बुधाजींच्या हातातला रंधा थांबला. कपाटाची पाठ कोण बघतो, म्हणून तिला ते नेहमी जुनं लाकूड ठोकत. कोपऱ्यातली ती फळी चांगली सुकी होती. तिच्यावर काहीतरी लिहिलेलं त्यांनी पाहिलंही होतं, पण अक्षरओळख कुठे होती! बंद पडलेल्या दुकानाची पाटी समजून त्यांनी ती खुशाल ठोकली होती.

"लवू, मेलंय रे मी!" मेस्त्री मटकन खाली बसले. रस्त्यात घोषणा दिली तरी पोलीस गाडीत कोंबत होते. यांनी तर ती पोलिसाला घरपोच दिली होती!

तेवढ्यात दारात हवालदार!

"मेस्त्री, साहेबांनी बोलावलंय. हातोडी घेऊन चला."

मेस्त्रींच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, डोळे पुसत दोन दिवसांच्या भाकऱ्या बांधून दिल्या.

साहेबांकडे भिंतीला चुना लावायचा म्हणून कपाट पुढे ओढून वळवलेलं होतं. तांबडी अक्षरं थेट दिवाणखान्याकडे बघत होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"आईच्यान साहेब, मला वाचता येत नाही!"

"ते दिसतंच आहे!"

साहेबांनी हवालदाराला बाहेर पाठवलं, दाराला कडी घातली, खिडकीही लावली. बुधाजी हातोडी घेऊन कपाटाकडे धावले. आता मार बसणार!

"फळी काढतो साहेब! आत्ता काढतो!"

"काढायला कोणी सांगितलं?" साहेब कानाशी येऊन कुजबुजले, "उलटी ठोकलीस गाढवा! खालचं वर झालंय. सरळ करून दे. आणि मग कपाट भिंतीला अगदी चिकटवून ठेव!"

काम संपवून बुधाजी निघाले ते वाटेत मुकाट न्हाव्यापुढे बसले.

घरी पोचून त्यांनी कडी वाजवली. कौसल्याबाईंनी दार उघडून डोक्यावर पदर घेतला.

"कोण होया तुमका? मेस्त्रींक पोलिसांनी न्हेलंनी हां!"